अर्धा तास ऊन

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी सकाळी माझी लेक बाल्कनीच्या काचेला नाक लावून उभी होती आणि एकदम ओरडली, "धूप!"

मी तेव्हा आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. चंद्रपूरहून आईचा आवाज आला, "धूप? धूप कायले पाहिजे तिले?" आणि ती मान वळवून देवघराकडे बघायला लागली. आमच्या घरात धूप म्हणजे देवापुढे जळतो तो, नाहीतर मग बाळाला न्हाऊमाखू घातल्यावर द्यायची धुरी. माझ्या बाळंतपणात आईने निखाऱ्यावर ओवा-वावडिंग टाकून ती दिलीही होती, डॉक्टरांना न सांगता. तेव्हा नातीला धूप आठवला याचं तिला कौतुकच वाटलं असणार.

"अगं, ऊन पडलंय. ऊन म्हणायचंय तिला."

"मग ऊन म्हणायले शिकव ना."

ऊन हा शब्द चिमीला येतो. पण तिच्या लेखी तो ताटातला आहे: ऊन ऊन भात. फुंकर मारून खायचा तो. खिडकीबाहेर पडतं ते मात्र धूप. तिला तेव्हा एक वर्ष आणि दहा महिने झाले होते, जवळ चाळीसेक शब्द होते, निम्मे मराठी, निम्मे हिंदी आणि दोन-तीन असे, की ज्यांची भाषा आम्हाला अजून लागलेली नाही. धूप हा शब्द तिला कुणी दिला याचा मी तोवर विचार केला नव्हता.

तिच्या ओरडण्याला कारण होतं. आम्ही गाझियाबादला, इंदिरापुरममध्ये नवव्या मजल्यावर राहतो. जानेवारीत सलग अकरा दिवस आम्हाला सूर्य दिसला नव्हता. समोरची इमारत दुपारी बारा वाजता पुसटशी उमटायची आणि चार वाजता पुन्हा पुसली जायची. मग बुधवार-गुरुवारी पाऊस झाला. इथली वर्तमानपत्रं ज्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात, तो थंडीतला पाऊस. शुक्रवारी दिवसभर वारा सुटला आणि शनिवारी उठून पाहते तर आभाळ निळं. मोबाइलवर आकडा १३२.

हा आकडा म्हणजे काय हे दिल्लीबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१५ साली हवेचा निर्देशांक सुरू केला. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, ४०० पर्यंत अतिखराब आणि त्यापुढे गंभीर. ५०० ला पट्टी संपते. लहानपणी पाढे पाठ होते तशा मला या पायऱ्या पाठ आहेत. १३२ म्हणजे मध्यम. दुसऱ्या एखाद्या गावात आई-बापांनी या आकड्याला खिडक्या लावून घेतल्या असत्या. मी नवऱ्याला हलवून उठवलं, "एकशे बत्तीस आहे, ऊठ, बाहेर पडू."

घाई यासाठी, की या हिवाळ्यात आमच्या हातून एक गोष्ट घडली होती.

नोव्हेंबरात चिमीची छाती वाजायला लागली. रात्री झोपेत मांजरीच्या पिल्लासारखा आवाज यायचा. बालरोगतज्ज्ञांनी नेब्युलायझर दिला आणि सांगितलं, बाहर बिल्कुल मत निकालिए. मी ते अक्षरशः पाळलं. खिडक्यांच्या फटींना टेप लावली, हवाशुद्धियंत्राचा हिरवा दिवा बघत बसायची सवय लावून घेतली, आणि दिवसभर तिला सांभाळणाऱ्या दीदीला ताकीद दिली, की दार उघडायचं नाही, काहीही झालं तरी बाहेर न्यायचं नाही. डिसेंबरात कधी ऊन आलंच तर बैठकीच्या फरशीवर त्याचा चौकोन पडायचा. त्यात चटई टाकून आम्ही तिला बसवायचो, फोटो काढायचो आणि चंद्रपूरला पाठवायचो. जानेवारीत तिची चिडचिड वाढली, झोपेत डोकं घामाने भिजायला लागलं. रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व १३. निदान २० तरी हवं. त्याच डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि म्हणाले, "धूप दिखाइए बच्ची को."

मी त्यांना नोव्हेंबरची आठवण करून दिली नाही. ती त्यांनाही असणारच. दोन्ही वेळा ते बरोबर होते, आणि या शहरात लहान मूल वाढवण्याची सगळी गोम त्या दोन वाक्यांमध्ये कुठेतरी आहे.

घरी येऊन मी वाचत बसले. उन्हातल्या ज्या किरणांमुळे कातडीत हे जीवनसत्त्व तयार होतं, ते काचेतून येत नाहीत. म्हणजे महिनाभर आम्ही तिला ज्या चौकोनात बसवलं, तो उन्हाचा निव्वळ फोटो होता. त्याच रात्री एक जुना अभ्यास सापडला, २००२ साली एका ब्रिटिश बालरोग नियतकालिकात आलेला. दिल्लीतल्याच मुलांचा, नऊ ते चोवीस महिन्यांच्या. बरोब्बर चिमीच्या वयाच्या. जुन्या दिल्लीजवळच्या मोरी गेट भागातली २६ मुलं आणि शहराबाहेरची ३१. मोरी गेटच्या मुलांच्या रक्तात ड जीवनसत्त्वाचं सरासरी प्रमाण १२.४, बाहेरच्यांच्या २७.१. उन्हाचा देश तोच, अक्षांश तोच, फक्त मधल्या धुरक्याने ते किरण गाळून घेतले होते. तो अभ्यास वाचताना हसावं की रडावं कळेना, कारण शुद्ध हवेचं म्हणून तुलनेला घेतलेलं ते शहराबाहेरचं ठिकाण होतं गुडगाव. आज गुडगावच्या मैत्रिणीकडे जाताना मी मास्क लावते.

तर शनिवार. साडेदहाला निघालो. डबा, पाणी, चटई, चार लंगोट, दोन स्वेटर, एक चेंडू. ठिकाण सुंदर नर्सरी, हुमायूनच्या कबरीशेजारची.

इंदिरापुरमहून दिल्लीत शिरताना महामार्गाच्या कडेला गाझीपूर लागतं. आजवर आम्ही धुक्यातून गेलो होतो तेव्हा वासाने कळायचं. त्या दिवशी हवा स्वच्छ, त्यामुळे तो पूर्ण दिसला: मातकट, पायथ्याशी हिरवट, वर घारी घिरट्या घालतायत, आणि उतारावरून रांगत जाणारे पिवळे ट्रक. चिमी कारसीटमधून ताठ झाली. बोट रोखून म्हणाली, "डोंगल!"

डोंगर हा शब्द मीच शिकवला होता, चित्रांच्या पुस्तकातून. दोन त्रिकोण आणि मधून उगवणारा सूर्य. खरा डोंगर तिने पाहिलेला नव्हता. मी नवऱ्याकडे बघितलं, तो रस्त्याकडे बघत राहिला. तो कचरा आहे. १९८४ पासून तिथे दिल्लीचा कचरा टाकतायत, २००२ मध्येच जागा भरली होती, २०१९ साली त्याची उंची सुमारे ६५ मीटर झाली, कुतुबमिनारपेक्षा जेमतेम सात-आठ मीटर कमी. हे सगळं पावणेदोन वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? आकार तर डोंगराचाच होता. "हो, डोंगर," मी म्हटलं. पुढे अक्षरधाम गेलं, यमुनेचा पूल गेला, तरी ती मान वळवून मागे बघत होती.

सुंदर नर्सरीची गोष्ट मला आवडते ती झाडांमुळे. शंभरेक वर्षांपूर्वी नवी दिल्ली वसवली जात होती तेव्हा तिच्या रस्त्यांच्या कडेला लावायची झाडं इथे वाढवून पारखली जात. त्याआधीच्या मुघल काळातल्या कबरी आणि मंडप आवारात होतेच, पडझड होऊन बसलेले. आगाखान ट्रस्टने दहा-बारा वर्षं खपून ते दुरुस्त केले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत बाग लोकांसाठी उघडली. नव्वदेक एकर, तीनशेहून जास्त जातींची झाडं. एका कोपऱ्यात दिल्लीच्या जमिनीचे चार प्रकार छोट्या प्रमाणात उभे केलेत: कोही म्हणजे खडकाळ टेकाडाचा, बांगर म्हणजे जुन्या गाळाचा, खादर नदीकाठचा आणि डाबर पाणथळ. हे शब्द मला फार आवडतात. ज्या भाषेकडे मातीला इतके शब्द आहेत, तिच्याकडे उन्हालाही असणार. तिथे मी नंतर आले.

चिमीला यातलं काहीच नको होतं. फाटकातून आत शिरल्यावर पहिल्या चाळीस मिनिटांत आम्ही चाळीस पावलं गेलो असू. सुंदर बुर्जाकडे तिने पाठ केली. तिला हवं होतं गटाराचं जाळीदार झाकण, त्यात अडकलेलं पान, पाण्याच्या पाटाशी गेलं की शिट्टी मारणारा रखवालदार. दोनदा ती मुद्दाम पाटाशी गेली, शिट्टीसाठी. तिसऱ्यांदा रखवालदारानेच हसून आधी शिट्टी मारली.

आणि मग तिला सावली दिसली.

हे मी तयारीने पाहिलं नाही. मी चटई पसरत होते. नवऱ्याने हाक मारली म्हणून वळले, तर ती हिरवळीवर एकटी उभी, खाली बघत, एक पाय वर घेऊन. सावलीचाही एक पाय वर. तिने तो खाली टेकवला, दुसरा उचलला. मग दोन पावलं मागे सरकली, झुरळापासून सरकावं तशी. सावली पायाला चिकटलेलीच. मला एकदम उमगलं, की या मुलीला नीट सावली माहीत नाही. चालायला लागली जुलै-ऑगस्टच्या ढगांत, धीट झाली ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरपासून घरात. धुरक्यात सावली पडते, पण ती जमिनीवर सांडलेल्या चहासारखी, कडा नसलेली. ही काळी, कातरलेली, तिच्याच टोप्याचा गोंडा डोक्यावर घेतलेली सावली तिने पहिल्यांदा पाहिली होती. बराच वेळ पळून झाल्यावर ती खाली बसली आणि हातातलं बिस्किट तिने सावलीपुढे धरलं. सावलीनेही धरलं. कुणीच घेईना, तेव्हा तिने ते स्वतः खाल्लं.

आम्ही चंद्रपूरला ऊन-सावली खेळायचो. ज्याच्यावर राज्य तो विचारायचा, ऊन का सावली, आणि आम्ही नेहमी सावलीच मागायचो. ऊन मागणारा मूर्ख. इथे आजूबाजूला पाहिलं तर सगळी बाग उलटा खेळ खेळत होती. झाडाची सावली सरकत येई तशी माणसं चटया ओढून उन्हात सरकत होती. शेजारच्या चटईवरच्या आजीबाईंना तर सून आणि मुलगा दोन्हीकडून चटई धरून वीस मिनिटांनी एकदा उन्हात ओढत होते, आणि त्या वर बसून कीनू सोलत होत्या. किती वर्षं झाली मला इथे येऊन, तरी अंगणातली बाज सावलीत ओढणारे माझे हात हे बघून थबकतात.

मी चिमीचा स्वेटर काढला. मग दुसरा. मोजे काढले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. कातडीला ऊन लागलं पाहिजे, असं वाचलेलं होतं. अंश बावीस असतील. आजीबाईंचं कीनू हातातच राहिलं.

"बेटा, ठंड लग जाएगी बच्ची को."

"आंटी, विटामिन डी कम है."

"वो तो सबका कम है," त्या म्हणाल्या. "टोपा तो पहना दो."

उत्तरेत थंडीत उघड्या डोक्याचं मूल दिसलं, की ओळख नसलेल्या बाईलाही तुम्हाला रागवायचा अधिकार मिळतो. या गोष्टीचा मी पूर्वी राग करायची. आता टोपा घालते. चिमी मात्र तोवर त्यांच्या चटईवर जाऊन बसली होती आणि कीनूच्या फोडीसाठी तोंड उघडून वाट पाहत होती. आजीबाईंनी बी काढून फोड दिली. कुठल्या तुम्ही, विचारलं. महाराष्ट्र म्हटलं. "अच्छा! वहाँ का तो मौसम बढ़िया है, न सर्दी न गर्मी."

दिल्लीकरांच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे मुंबई, फार तर पुणे. मी हो म्हटलं. नुसतं हो म्हटलं नाही, "हाँ जी, बहुत बढ़िया" म्हटलं. नंतर बराच वेळ ते मला टोचत राहिलं.

कारण मी ज्या गावची आहे तिथे मे महिन्यात पारा ४७ ला जातो. सकाळच्या शाळेतून साडेअकराला घरी येताना डोक्याला-तोंडाला ओढणी गुंडाळलेली, दप्तरात कांदा. कांद्याने ऊन लागत नाही म्हणतात. लागायचं तेव्हा लागायचंच. ऊन लागून माणूस जातो हे मला पहिलीत माहीत होतं. घराचा वाळ्याचा पडदा, भिंतीला लावलेला कूलर, दुपारी बारा ते पाच बंद दारं, हे सगळं उन्हाविरुद्धचं. चिमीचा जन्म तिथलाच, एप्रिलचा. पहिला सव्वा महिना ती अंधाऱ्या खोलीत कूलरच्या आवाजात झोपली. फक्त सकाळी साडेसहाला आई तिला तेल लावून अंगणात न्यायची, दहा मिनिटं, कोवळ्या उन्हात. सात वाजले, की "चाल आता, तापलं" म्हणत आत. आजही तिला फोनवर बागेचे फोटो पाठवले, की पहिला प्रश्न येतो, "काहून नेऊन राहिली तिले उन्हात?"

तर मराठीत ऊन पडतं, तापतं, लागतं, भाजतं, चटके देतं. कोवळं असतं तेवढंच जवळचं. हिंदीत धूप खिलते. ती शेकतात, अंगावर घेतात. ऊन खाणं मराठीतही आहे, पण ते विदर्भात मी ऐकलं ते म्हाताऱ्यांच्या तोंडून, पौषात, तास-अर्धा तास. या शहरात येऊन मला ते क्रियापद नव्याने शिकावं लागलं, आणि माझी मुलगी ते उपजतच घेऊन बसली आहे.

आईचं म्हणणं वेगळं आहे. नोव्हेंबरपासून ती एकच धोशा लावून आहे: पोरीला घेऊन इकडे ये, नोकरी गेली चुलीत, तिथली हवा विषारी. टीव्हीवर दिल्ली दाखवतात तेव्हा तिचा फोन ठरलेला. मला जावंसं वाटत नाही असं नाही. जानेवारीतल्या एका रात्री मी खरंच मनाची तयारी केली होती. मग, जशी मी आहे तशी, शोधत बसले. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार यादी केली होती. पहिलं अंकलेश्वर, दुसरं वापी. तिसरं गाझियाबाद. चौथं चंद्रपूर.

मी ती यादी दोनदा वाचली. तिसऱ्या नंबरवरून चौथ्यावर जायचं होतं.

हे मला यादीने सांगायला नको होतं. ऊर्जानगरच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसायच्या. गावाभोवती कोळशाच्या खाणी. दोरीवरचे कपडे झटकून घडी करायचे हा आमच्या घरचा नियम, आणि अंगणात अनवाणी खेळून आलं की तळपाय काळे व्हायचे. आई खराट्याने अंगण झाडायची, संध्याकाळी पुन्हा झाडायची. तिला ती धूळ वाटायची. मला सर्दी सतत असायची, ती माझी प्रकृती समजली जायची. आकडा नव्हता म्हणून हवा चांगली होती. यादी जुनी आहे, दोन्हीकडे पुष्कळ बदललं असेल, आणि एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरची हवा गाझियाबादच्या नोव्हेंबरपेक्षा कितीतरी बरी हेही खरं. पण आईला मी त्या यादीबद्दल काही बोललेले नाही. आजीबाईंना "बढ़िया" म्हणताना मीही बहुधा आईसारखीच बोलत होते.

दुपारी तीनला चिमी चटईवर झोपली. डोक्यावर टोपा, पाय उघडे, मुठीत खडा. खारूताई डब्याशी येऊन पोळीचा तुकडा घेऊन गेली. रामाने पाठीवरून बोटं फिरवली त्याचे पट्टे म्हणून मला आजीने सांगितलं होतं, बोटं तीन. दिल्लीतल्या खारीला पाच पट्टे असतात. रामाचा पूर्ण हात इकडे फिरला असेल, असं नवरा म्हणाला, आणि तोही झोपला. मी जागी राहून सावली आली की चटई ओढत होते, दोघांना घेऊन.

रविवारी आकडा १७८. वारा पडला होता. लांब जायचं नाही, पण ऊन तर होतं. दुपारी बाराला मी चिमीला घेऊन इमारतीच्या गच्चीवर गेले. तिथे मी वर्षातून एकदा जाते, पंधरा ऑगस्टला पतंग बघायला. किल्ली रखवालदाराकडे मागावी लागते. तो म्हणाला, "खुला है मैडम, सब ऊपर ही हैं."

वर पाच-सहा बायका होत्या. कुणी मेथी निवडत होत्या, एकीच्या मांडीवर विणकाम, मध्ये वर्तमानपत्रावर शेंगांची टरफलं. मी ओळख द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात चिमीने माझा हात सोडला. ती सरळ पाण्याच्या टाकीमागे गेली. तिथे एक निळी बादली पालथी ठेवलेली होती. तिच्यावर जाऊन ती बसली, भिंतीला पाठ लावून, पाय पुढे करून, आपली खुर्ची असल्यासारखी.

"आ गई चिमी!" विणणाऱ्या बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "आप इसकी मम्मी? आज दीदी नहीं आई?"

रविवारी दीदीला सुट्टी असते. मी तसं सांगितलं. किती दिवस येते चिमी इथे, असं विचारायला मला दोन मिनिटं लागली, आणि विचारलं ते जणू सहज म्हणून.

"ये तो पूरी सर्दी आई है जी. जिस दिन धूप निकली, उस दिन आई."

शब्द कुठून आला ते मला तिथे कळलं.

राग आला. आधी तो आला, हे कबूल करायला हवं. छाती वाजत होती त्या दिवसांत, आकडा ३८० असताना, हिने हिला वर आणलं? मी ऑफिसातून दर तासाला फोन करायचे, दार बंद आहे ना, विचारायचे, आणि ती हो म्हणायची. दार तेव्हा बंदच असणार, बाहेरून. मग दुसरा विचार आला तो जास्त अवघड होता. फरशीवरच्या काचेतल्या उन्हात मी तिला बसवत होते तेव्हा ही तिला खऱ्या उन्हात बसवत होती. आणि तरीही रक्तातला आकडा १३ आला. धुरक्याने आणि दोन स्वेटरांनी दोघींचंही ऊन गाळून घेतलं. नोव्हेंबरचा खोकला गच्चीने लांबवला की बंद घराने, हे मला कधीच कळणार नाही. तिने केलं ते चूक असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि बरोबर असं म्हणायची माझी तेव्हा तयारी नव्हती.

दीदी खोड्याला राहते, इथून पंधरा मिनिटांवर. (ती मला दीदी म्हणते, मी तिला, चिमीला यात काही वावगं वाटत नाही.) खोड्यात घरांना घरं लागलेली, गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या दारांतून हात मिळवता यावेत. एकदा बोलता बोलता ती म्हणाली होती, की तिच्या खोलीत ऊन येतच नाही, थंडीत गादी वाळवायला ती जावेच्या गच्चीवर नेते, दोन गल्ल्या पलीकडे. गादीला ऊन मिळावं म्हणून दोन गल्ल्या चालणारी बाई, आणि मी तिला सांगितलं होतं, की डोक्यावर मोकळी गच्ची असताना मुलाला घेऊन दिवसभर आत बसून राहा.

मेथी निवडणाऱ्या बाईंनी माझ्यासाठी सतरंजीवर जागा केली. मी बसले. एक जुडी पुढ्यात ओढली, निवडायला लागले. चिमी बादलीवरून उतरून आली आणि प्रत्येकीला एकेक टरफल वाटून गेली. मलाही दिलं, सगळ्यात शेवटी. पाठीवर ऊन होतं, फिकट, पण होतं. कुणीतरी रेवडी दिली. कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलणं चाललं होतं, त्यात मला गम्य नव्हतं, पण मी हुंकार देत होते. पावणेदोनच्या सुमारास समोरच्या इमारतीची सावली गच्चीच्या अर्ध्यात आली तशा सगळ्याजणी काही न बोलता उठल्या, सतरंजी उचलली, टाकीपलीकडे नेऊन पसरली आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे बोलू लागल्या. सतरंजीचं एक टोक माझ्या हातात होतं.

सोमवारी दीदी साडेआठला आली. आकडा २४६, खराब. काय बोलायचं ते मी रात्रभर जुळवलं होतं आणि त्यातलं एकही वाक्य सकाळी उपयोगाचं नव्हतं. मी बूट घालत होते. चिमी आतून आपला टोपा घेऊन आली, दीदीच्या हातात दिला आणि म्हणाली, "धूप."

दीदीने टोप्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा उतरला. रविवारी आम्ही वर गेलो होतो हे रखवालदाराने तिला खालीच सांगितलं असणार.

"बारह बजे के बाद ले जाना," मी म्हटलं. "आधा घंटा. मोज़े उतार देना."

"और टोपा?"

"टोपा रहने दो."